'आयदा' : एका ऑपेराचे करारपत्र

संगीताविषयी बोलताना आगाऊ रक्कम, उरलेल्या रकमेची मुदत, विलंबाचे कलम, हक्कांची वाटणी असले शब्द तोंडी आणू नयेत, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. मैफल संपल्यावर कलावंताच्या हाती बिदागीचे पाकीट देतानाही आपण ते काहीसे संकोचून, कोणाचे लक्ष नाही असे पाहूनच देतो. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाची दृष्टी मात्र सहजासहजी बदलत नाही. जगातील सर्वाधिक गाजलेल्या ऑपेरांपैकी एक असलेल्या 'आयदा'ची जन्मकथा वाचताना मला त्यातील सुरावटींइतकेच तिच्यामागचे कागदपत्र मनोवेधक वाटले. रंगमंचावर प्रेक्षकांना सहा-सात गायक दिसतात. हे कागद चाळू लागले की त्यांच्यामागे उभी असलेली कितीतरी माणसे दिसू लागतात. आणि ज्याचे नाव कागदावर जेथे यावयास हवे होते तेथे आलेच नाही, असा एक माणूसही दिसतो.

मुंबईकरांपैकी पुष्कळांना 'ऑपेरा हाऊस' ठाऊक असते ते चर्नी रोड स्थानकाजवळचा एक परिसर म्हणून. त्यामुळे दोन शब्द ऑपेराविषयी. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद आणि पदे यांची गुंफण असते. व्हर्दीच्या 'आयदा'सारख्या ऑपेरात गद्याला जागाच नाही. भांडण, कारस्थान, आर्जव, निरोप असे सारेच तेथे गाऊन होते; आणि तेही ध्वनिवर्धकाच्या मदतीवाचून, समोर बसलेल्या भल्यामोठ्या वाद्यवृंदाच्या वरून, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. एवढा डोलारा उभा करावयाचा तर संगीतकार, कथाकार, पद्यकार, नेपथ्यकार, वेशभूषाकार, संगीत-संचालक आणि गायक लागतातच. त्याखेरीज पैसे मोजणारा कोणीतरी लागतो.

'आयदा'च्या बाबतीत पैसे मोजणारा होता इजिप्तचा शासक खेदिव इस्माईल. तो १८६३ साली गादीवर आला, तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते. तेथला कापूस बंद झाल्यामुळे इंग्लंडमधील गिरण्या इजिप्त आणि हिंदुस्थान यांच्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. मुंबईत शेअरबाजाराला वेड लागले आणि प्रेमचंद रायचंदांचे नाव घरोघरी झाले, ते याच वर्षांत. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि १८६८ मध्ये जुनी बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. इजिप्तमध्येही कापूस उतरला. खेदिवाचा हात मात्र आखडला नाही. कापसाने जे देणे बंद केले ते युरोपातील सावकार व्याजाने देऊ लागले. कैरोचे पॅरिस करावयाचे, हा त्याचा ध्यास होता. नवे रस्ते झाले, बागा झाल्या, आणि १ नोव्हेंबर १८६९ रोजी व्हर्दीच्याच 'रिगोलेत्तो'ने नव्या, बव्हंशी लाकडी ऑपेरागृहाचे उद्घाटन झाले. त्याच महिन्याच्या १७ तारखेस सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन जलप्रवासाचे अंतर कितीतरी घटले. 'आयदा' कालव्याच्या उद्घाटनासाठी लिहिली गेली, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते बरोबर नाही. या समारंभांच्या निमित्ताने एक स्तोत्र रचून द्यावे अशी विनंती व्हर्दीला झाली होती खरी. पण प्रासंगिक रचना करण्याचा आपला शिरस्ता नाही, असे सांगून त्याने ती नाकारली होती.

येथे या कथेतील दुसरा महत्त्वाचा माणूस प्रवेश करतो. ओग्युस्त मारिएत हा फ्रेंच पुरातत्त्वज्ञ. सक्कारा येथील वाळूखालून त्याने सेरापियम हे पवित्र बैलांचे दफनस्थान उजेडात आणले, १८५८ मध्ये इजिप्तच्या पुराणवस्तू खात्याची स्थापना केली आणि कैरोजवळ बुलाक येथे संग्रहालय उभे केले. खेदिवाच्या नोकरीतील या विद्वानाने प्राचीन इजिप्तच्या पार्श्वभूमीवर एक कथा लिहिली. इथिओपियाची राजकन्या आयदा इजिप्तमध्ये दासी म्हणून राहते आहे. सेनापती रादामेसचे तिच्यावर प्रेम आहे आणि इजिप्तची राजकन्या आम्नेरिसचे रादामेसवर. प्रेमापोटी सैन्याचा मार्ग रादामेसच्या तोंडून फुटतो, त्याला जिवंत पुरण्याची शिक्षा होते, आणि भुयारात उतरल्यावर त्याला कळते की आयदा आधीच तेथे येऊन लपली आहे. एवढीच कथा. मारिएतने तिच्या मोजक्या प्रती छापून घेतल्या आणि एक प्रत पॅरिसला कामीय द्यु लोक्ल याच्याकडे धाडली. द्यु लोक्ल हा पॅरिसच्या 'ऑपेरा कोमिक' या नाट्यगृहाच्या संचालकांपैकी एक, आणि व्हर्दीच्या 'दॉन कार्लोस'च्या संहितेचा सहलेखक.

मारिएतच्या पत्रात एक सूचक वाक्य होते. व्हर्दीने नकार दिलाच तर खेदिव दुसरे दार ठोठावील. गुनो किंवा प्रसंगी वाग्नर यांचाही विचार होईल, असा त्याचा आशय. हे वाक्य व्हर्दीच्या कानी जावे यासाठीच ते लिहिले होते, हे सांगावयास नकोच. सौदा कसा जुळवावा, हे त्या पुरातत्त्वज्ञाला चांगलेच कळत होते!

व्हर्दी त्या वेळी छप्पन्न वर्षांचा होता. उत्तर इटलीतील सांत आगाता येथे तो शेती पाही, आणि नवे काम सहजासहजी स्वीकारीत नसे. कथा वाचून त्याने द्यु लोक्लला कळविले, की हे लिखाण कोणा मुरलेल्या, रंगभूमी जाणणाऱ्या हाताचे दिसते. तो हात कोणाचा, हे त्याला अजून ठाऊक नव्हते. मग २ जून १८७० च्या पत्रात त्याने आपल्या अटी कळविल्या. इटालियन संहिता मी स्वखर्चाने लिहवून घेईन. तालमी घेण्यासाठी आणि प्रयोगाच्या संचालनासाठी माझा माणूस मी स्वखर्चाने कैरोस पाठवीन. खेदिवाचा हक्क फक्त इजिप्तपुरता राहील. उर्वरित सर्व देशांतील हक्क माझे. आणि संगीताची हस्तलिखिते हाती देताच पॅरिसमधील रॉथशिल्ड यांच्या पेढीवर मला दीड लाख फ्रँक मिळावेत.

खेदिवावर नव्हे, रॉथशिल्डवर. आमच्या परकीय चलन विभागातील कोणीही सहकारी हे वाचून मान डोलावील. अनोळखी देशातील खरेदीदाराच्या शब्दाऐवजी ओळखीच्या पेढीचा शब्द मागावयाचा आणि माल ताब्यात देताना पैसे घ्यावयाचे, हेच तत्त्व लेटर ऑफ क्रेडिटमध्ये आजही आहे. रक्कमही लहान नव्हती. त्या काळच्या एका फ्रँकमागे ०.२९ ग्रॅम शुद्ध सोने होते. म्हणजे दीड लाख फ्रँक हे सुमारे साडेत्रेचाळीस किलो सोने झाले. खेदिवाने घासाघीस न करता होकार दिला. पुढे करारात पन्नास हजार आगाऊ आणि एक लाख हस्तलिखित दिल्यावर, अशी विभागणी झाली. जानेवारी १८७१ मध्ये कैरोत प्रयोग व्हावा असे ठरले. काही अकल्पित कारणाने तो झालाच नाही, तर सहा महिन्यांनंतर व्हर्दीला अन्यत्र प्रयोग करण्याची मुभा राहील, असे एक कलमही घातले गेले. २९ जुलै १८७० च्या या करारपत्रावर खेदिवाच्या वतीने सही केली ती मारिएतने. मूळ कथा ज्याची, तो या दस्तऐवजात केवळ मुखत्यार होता. स्वतःच्या कथेबद्दल त्याने स्वतःसाठी एकही कलम घालून घेतले नाही.

दरम्यान सांत आगाताच्या घरी काम सुरू झाले होते. जूनमध्ये द्यु लोक्ल तेथे जाऊन राहिला आणि व्हर्दीच्या देखरेखीखाली त्याने संपूर्ण नाटक फ्रेंच गद्यात लिहून काढले. व्हर्दीची पत्नी ज्युझेप्पिना ही स्वतः एके काळची नावाजलेली गायिका. फ्रेंचमधून इटालियनमध्ये आणण्याच्या कामात तिचा हात होता. त्यानंतर पद्यरचनेसाठी आंतोनिओ गिस्लान्झोनी याची योजना झाली. हा गृहस्थही काही काळ ऑपेरात बॅरिटोन म्हणून गात असे. पुढे लेखणीकडे वळला. व्हर्दीने त्याला लिहिलेली पत्रे हा संहितालेखनाचा एक उत्कृष्ट पाठच आहे. कोणत्या ओळीत किती अक्षरे हवीत, कोठे यमक सोडून द्यावे, कोठे पात्राने कवीसारखे न बोलता माणसासारखे बोलावे, हे तो बारकाईने सांगतो. एका पत्रात तो ज्याला 'रंगशब्द' म्हणता येईल अशी कल्पना मांडतो: प्रसंगाला एकाएकी उजळून टाकणारा, प्रेक्षकाला थेट भिडणारा शब्द. असा शब्द साधत असेल तर छंद आणि वृत्त बिघडले तरी चालेल, इतक्या टोकाला तो जातो. शेवटच्या भुयारातील दृश्यासाठी तर त्याने आपणच कच्च्या ओळी लिहून पाठविल्या. संहितेवर नाव एकट्या गिस्लान्झोनीचे असले, तरी तिला चार-पाच हात लागलेले आहेत.

व्हर्दीच्या शंकाही पाहण्यासारख्या आहेत. देवळाच्या दृश्यात त्याला स्त्रियांचे आवाज हवे होते. प्राचीन इजिप्तमध्ये पुजारिणी असत काय, असे त्याने विचारले. हव्या तितक्या घ्या, अशा अर्थाचे उत्तर आले. फ्लोरेन्सच्या संग्रहालयात एक प्राचीन इजिप्शियन बासरी असल्याचे ऐकून तो ती मुद्दाम पाहावयास गेला, आणि आपल्याकडील गुराख्याच्या पाव्यापेक्षा तिच्यात काही विशेष नाही असे पाहून खट्टू होऊन परतला. विजयमिरवणुकीच्या दृश्यासाठी मात्र त्याने लांब, सरळ नळीचे कर्णे खास बनवून घेतले. तीन कर्णे एका स्वरात, तीन दुसऱ्या. पहिला ताफा वाजवून थांबतो आणि दुसरा तीच धून वरच्या स्वरातून उचलतो, तेव्हा जणू मिरवणूकच आपल्या अंगावर चालून येते. वर्षाच्या अखेरीस, सुमारे चार महिन्यांच्या कामानंतर, संगीत तयार झाले.

पण तोवर पॅरिसची दारे बंद झाली होती.

मारिएतला खेदिवाने जुलै १८७० मध्ये पॅरिसला पाठविले होते ते नेपथ्य आणि पोशाख करवून घेण्यासाठी. याच महिन्यात फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध जुंपले. १९ सप्टेंबर रोजी जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला. ऑपेराचे सारे सामान आणि ते करवून घेणारा माणूस, दोघेही आत अडकले. पत्रे बलूनमधून बाहेर जात होती. देवळाचे रंगविलेले पडदे बलूनमधून जाणे शक्य नव्हते. २८ जानेवारी १८७१ पर्यंत वेढा चालला. त्या हिवाळ्यात पॅरिसकरांनी घोड्यांचे आणि उंदरांचेही मांस खाल्ले. वेढा उठला तो पॅरिस कम्यूनचा रक्तपात सुरू होण्यासाठीच. कैरोत ऑपेराचा हंगाम आला आणि गेला.

आता करारातील ते विलंबाचे कलम व्हर्दीच्या हाती होते. मिलानचे ला स्काला नाट्यगृह वाट पाहत होते, संगीत तयार होते आणि कायदा त्याच्या बाजूने होता. त्याने तो हक्क बजावला नाही. कैरोचा प्रयोग आधी होईल, मिलान थांबेल, असे त्याने कळविले. व्यवहारात इतका काटेकोर असलेला हा माणूस येथे स्वतःहून मागे सरला, हे मला विशेष वाटते. याच काळातील आणखी एक नोंद सांगण्याजोगी आहे. पन्नास हजारांची आगाऊ रक्कम मिळाल्यावर त्याने द्यु लोक्लला कळविले: यातील दोन हजार जखमी फ्रेंच सैनिकांसाठी द्यावेत आणि उरलेल्या अठ्ठेचाळीस हजारांचे इटालियन सरकारी रोखे घ्यावेत.

वेढ्याच्या आधी आणि नंतर मारिएतने पॅरिसमध्ये जे काम केले, ते एखाद्या खात्याने करावे इतके होते. कथा सुचविणे वेगळे आणि ती तीन हजार वर्षांपूर्वीची वाटेल अशी उभी करणे वेगळे. त्याने पोशाखांची जलरंगातील चित्रे काढली. थडग्यांच्या भिंतींवर जे आयुष्यभर पाहिले, ते शिंप्यांसाठी कागदावर उतरविले. पॅरिस ऑपेराचे चित्रकार शाप्रों, रुबे, देस्प्लेशां आणि लाव्हास्त्र यांनी त्याच्या मार्गदर्शनाखाली दृश्ये रंगविली. शेवटच्या अंकात रंगमंचाचे दोन मजले होतात: वर उजळलेले मंदिर, खाली अंधारे भुयार. वर पुजारी गात असतात आणि खाली दोन जीव हळूहळू विझत असतात. हे दृश्य पेलणारी लाकडी चौकट सुतारांनी उभी करावयाची, ती जहाजाने कैरोस पोहोचवावयाची आणि तेथे पुन्हा जोडावयाची होती.

मारिएतला सर्वांत जास्त धास्ती होती ती हास्यास्पद होण्याची. दगडात कोरलेला, डोक्यावर अवाढव्य मुकुट असलेला राजा भव्य दिसतो. तोच हाडामांसाचा करून गाऊ लागला की प्रेक्षक हसण्याचे भय असते, हे त्याने लिहून ठेवले आहे. त्यातून गायकांच्या मिशांचा प्रश्न उभा राहिला. त्या काळी युरोपातील गायक मंडळींना आपल्या मिशा-दाढ्या प्राणप्रिय होत्या. झुबकेदार मिशांचा आणि बोकडदाढीचा फॅरो कसा दिसेल याची कल्पना करा, असे सांगून त्याने सर्वांची हजामत सक्तीची करावी असा आग्रह कैरोच्या व्यवस्थापकाकडे धरला.

हा व्यवस्थापक म्हणजे द्रानेत बे. सायप्रसमध्ये जन्मलेला हा ग्रीक गृहस्थ पॅरिसमध्ये तेनार या प्रख्यात रसायनशास्त्रज्ञाचा विद्यार्थी होता. गुरूचे आडनाव रोमन लिपीत उलट्या क्रमाने लिहिले की 'द्रानेत' होते. तेच त्याने स्वतःसाठी घेतले. खेदिवाच्या नाट्यगृहांचा कारभार त्याच्याकडे होता आणि गायक जमविण्याची जबाबदारीही. १८७१ मध्ये त्याने इटलीत फिरून करार केले. आयदाच्या भूमिकेसाठी पंचविशीतील आंतोनिएत्ता आनास्तासी-पोत्सोनी, रादामेससाठी पिएत्रो मोंजीनी, आयदाचा पिता आमोनास्रोच्या भूमिकेसाठी फ्रांचेस्को स्तेल्लेर, मुख्य पुजारी रांफिस म्हणून पाओलो मेदीनी आणि राजाच्या भूमिकेत तोम्माझो कोस्ता. वाद झाला तो आम्नेरिसवरून. द्रानेतने एलेओनोरा ग्रोस्सी हिची निवड केली, आणि व्हर्दीने ती उचलून धरली नाही. आम्नेरिसला खालच्या स्वरांत दाटपणा हवा आणि वरच्या स्वरांत धारही हवी. ग्रोस्सीचा आवाज त्या पट्टीचा नाही, असे त्याचे म्हणणे. पत्रांवर पत्रे झाली. अखेरीस ग्रोस्सीच राहिली. कागदावर सारे हक्क राखूनही, प्रत्यक्ष कोण गाणार हे ठरविताना व्हर्दीला हार मानावी लागली.

त्याचा हट्ट अनाठायी नव्हता. 'आयदा'तील गायकांची परीक्षा कठीण आहे. पडदा उघडून दहा मिनिटेही होत नाहीत तोच रादामेसला एक मोठे एकलगीत गावे लागते. कंठ अजून तापलेला नसतो, आणि त्या गीताच्या शेवटचा उंच स्वर व्हर्दीने अगदी हळुवार, विरत जाणारा असा लिहिला आहे. बहुतेक गायक तो सरळ जोरात लावून टाळ्या घेतात. आयदाला तिसऱ्या अंकात, नाईलच्या काठी, आवाजाच्या टोकावर असलेला स्वर असाच मृदू लावावा लागतो. जोरकस आवाज पुष्कळांपाशी असतो. तोच आवाज उंचीवर नेऊन हलका ठेवण्यास श्वासावर वेगळीच हुकमत लागते. आणि आम्नेरिसचा खरा कस लागतो तो चौथ्या अंकात. आत न्यायनिवाडा चालू असतो, बाहेर ती एकटी असते, आणि आपल्याच मत्सराचे फळ तिला ऐकू येत असते. ही भूमिका दुबळ्या हाती पडली तर चौथ्या अंकाचा कणाच मोडतो.

संगीत-संचालकासाठी व्हर्दीच्या मनात प्रथम आपला जुना शिष्य मुत्सिओ होता. प्रयोग लांबला आणि तो दुसरीकडे बांधला गेला. अखेर जोव्हान्नी बोत्तेसीनी याने ही धुरा उचलली. हा डबल बेस या अवजड वाद्याचा अद्वितीय वादक. या वाद्याचा पागानिनी असे त्याला म्हणत. स्वतः व्हर्दी कैरोस गेलाच नाही. तो पत्राने तालमींची खबर घेत राहिला, आणि शेवटच्या युगुलगीताचा परिणाम कसा होतो ते मला नक्की कळवा, असे त्याने बोत्तेसीनीला सांगितले.

२४ डिसेंबर १८७१. कैरोचे नाट्यगृह खचाखच भरले होते. खेदिव आपल्या जागी होता. जनानखान्याच्या सज्जांवर जाड पांढऱ्या मलमलीचे पडदे सोडलेले होते. मिलानहून फिलिप्पी नावाचा समीक्षक खेदिवाचा पाहुणा म्हणून आला होता, आणि या आगाऊ गाजावाज्यामुळे व्हर्दी भलताच चिडला होता. कलेचा आता व्यापार झाला आहे, अशी तक्रार त्याने फिलिप्पीकडेच केली. (हे वाचताना रॉथशिल्डच्या पेढीची आठवण होऊन हसू येते, हे मान्य केले पाहिजे.) प्रयोग कमालीचा यशस्वी झाला.

तथापि व्हर्दीच्या लेखी खरा पहिला प्रयोग पुढचाच होता. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी ला स्कालात 'आयदा' झाली ती त्याने स्वतः तालमी घेऊन. संचालक फ्रांको फाच्चो. आयदा झाली होती तेरेझा श्टोल्झ, आणि आम्नेरिस मारिया वाल्डमान. व्हर्दीला या भूमिकेसाठी हवा होता तसा आवाज येथे मिळाला. त्यानंतर इटलीतील एकेका शहराने ऑपेराची मागणी केली.

पार्मा येथील प्रयोगाचा एक किस्सा ग्राहकसेवेच्या प्रशिक्षणात सांगावा असा आहे. प्रॉस्पेरो बेर्तानी नावाच्या प्रेक्षकाने मे १८७२ मध्ये तेथे जाऊन 'आयदा' दोनदा पाहिली, ती त्याला दोन्ही वेळा आवडली नाही, आणि त्याने व्हर्दीला खर्चाचा तपशील धाडला: रेल्वेचे जाणे २.६० लिरा, येणे ३.३०, नाट्यगृह ८, आणि अत्यंत वाईट जेवण २, एकूण १५.९०, दोन वेळचे मिळून ३१.८०. व्हर्दीने प्रकाशक रिकोर्दीला कळविले, की याला २७.८० लिरा द्यावेत. जेवणाचे चार लिरा मिळणार नाहीत, कारण जेवण त्याने आपल्या घरीही केलेच असते. शिवाय आपण व्हर्दीचा नवा ऑपेरा पुन्हा कधीही पाहावयास जाणार नाही, असे त्याने लिहून द्यावे. बेर्तानीने रीतसर पावती सही करून दिली.

उर्वरित सर्व देशांतील हक्क माझे, ही अट पुढे फार मोलाची ठरली. म्हातारपणी व्हर्दीने मिलानमध्ये वृद्ध आणि निर्धन संगीतकारांसाठी एक निवासस्थान बांधविले, आणि आपल्या ऑपेरांच्या मानधनातून त्याचा खर्च चालावा अशी तजवीज केली. गायकाचा आवाज चाळिशी-पन्नाशीत उतरू लागतो, आणि तेव्हा निवृत्तिवेतन नावाची गोष्ट नव्हती. व्हर्दी १९०१ मध्ये वारला. १९०२ मध्ये त्या वास्तूत पहिले रहिवासी आले. वृद्ध गायक-वादक तेथे अजूनही राहतात.

खेदिवाची गत निराळी झाली. रंगमंचावर इजिप्तने इथिओपियाचा पराभव केला होता. प्रत्यक्षात त्याने १८७५ आणि १८७६ मध्ये इथिओपियावर धाडलेल्या फौजा गुंदेत व गुरा येथे साफ बुडाल्या. त्याच्या कारकिर्दीच्या आरंभी सुमारे तीस लाख पौंड असलेले कर्ज १८७६ पर्यंत नऊ कोटींच्या घरात गेले. नोव्हेंबर १८७५ मध्ये त्याने सुएझ कालव्याचे १,७६,६०२ समभाग सुमारे चाळीस लाख पौंडांना ब्रिटिश सरकारला विकले. त्यासाठी ब्रिटिश सरकारला तातडीने पैसे उभे करून दिले ते लंडनच्या रॉथशिल्ड पेढीने. १८७९ मध्ये त्याला पदच्युत करण्यात आले. त्याचे लाकडी ऑपेरागृह मात्र २८ ऑक्टोबर १९७१ पर्यंत उभे होते. 'आयदा'च्या पहिल्या प्रयोगाला शंभर वर्षे पूर्ण होण्यास दोन महिने उरले असताना ते एका सकाळी जळून गेले. त्या जागी पुढे बहुमजली वाहनतळ झाला. चौकाचे नाव ऑपेरा चौक असेच राहिले.

आणि मारिएत? पॅरिसमधील मुक्कामाच्या काळात पैसे पुरत नसल्याची त्याची तक्रार असे. 'आयदा' ही मुळात आपल्या डोक्यातून निघाली, खेदिवाला आपणच राजी केले, असे त्याने द्रानेतला लिहिले. त्यात राग कमी आणि खंत अधिक वाटते. छापील संहितेच्या मुखपृष्ठावर गिस्लान्झोनीचे नाव आले, मारिएतचे आले नाही. पुढे तर त्याच्या भावानेच ती कथा आपल्या कादंबरीवरून घेतल्याचा दावा केला. १८ जानेवारी १८८१ रोजी तो कैरोत वारला. संग्रहालयाची जागा पुढे दोनदा बदलली आणि दोन्ही वेळा त्याची दगडी शवपेटीही बरोबर नेण्यात आली. ती आता कैरोच्या तहरीर चौकातील संग्रहालयाच्या बागेत, त्याच्या पुतळ्यापाशी आहे. 'आयदा'च्या पोशाखांची त्याने काढलेली जलरंगचित्रे पॅरिस ऑपेराच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत.